कोळशाचे राहिलेले बिल
अमेरिकेतील अपलाचियन डोंगरांचा जमाखर्च आणि त्यातून आपण घ्यायचा धडा

मालाची बिलातली किंमत आणि मालाला प्रत्यक्ष पडलेला खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. गाठ गोदामात आली की बिलाच्या रकमेत आपण गाडीभाडे, हमाली, दलाली आणि घट मिळवतो, मगच विक्रीचा भाव ठरवतो. यातला एखादा खर्च धरायचा राहिला तर तो नाहीसा होत नाही. तो कोणाच्या तरी खिशातून जातोच.

कोळसा हा असाच अपुऱ्या हिशेबाने विकला गेलेला माल आहे. आपले यंत्रमाग आणि आपल्या दुकानांतले दिवे ज्या विजेवर चालतात, तिचा मोठा भाग कोळशातून येतो. कोळसा स्वस्त आहे असे शंभर वर्षे सांगितले गेले. तो स्वस्त का पडला आणि उरलेली रक्कम कोणी भरली, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या पूर्व भागातील अपलाचियन पर्वतरांगांचे उदाहरण उपयोगी आहे. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीचा पूर्व भाग आणि व्हर्जिनियाचा नैऋत्य कोपरा हा तो मुलूख. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला पोलाद आणि वीज ज्या डोंगरांनी दिली, तेथील लोक त्या देशातील सर्वांत गरीब आणि आजारी लोकांत मोजले जातात. हे कसे घडले ते आम्ही क्रमाने मांडत आहोत.

सौदा कागदावर झाला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरांत लहान शेतकरी राहत होते. मका, डुकरे, मध आणि जंगलातले लाकूड यांवर त्यांचा निर्वाह चाले, रोकड फारशी दिसत नसे. रेल्वे येणार हे ज्यांना आधी कळले, असे दलाल घोड्यावर बसून घरोघर फिरले. ते जमीन विकत मागत नव्हते. जमीन तुमचीच राहील, आम्हाला फक्त तिच्याखालचे खनिज द्या, असे ते म्हणत. भाव एकरी अर्धा डॉलर ते काही डॉलर. शेतकऱ्याला वाटे, आपण वरची जमीन कसतच राहणार, खालच्या दगडाचे पैसे फुकटच मिळत आहेत. अनेकांना वाचता येत नव्हते, त्यांनी सहीच्या जागी फुली मारली.

या कागदाला ‘ब्रॉड फॉर्म डीड’ म्हणत. त्यातली मेख अशी होती की, खनिज काढण्यासाठी आवश्यक किंवा सोयीचे वाटेल ते करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला होता आणि त्यापायी होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. त्या काळी खाण म्हणजे डोंगराच्या पोटातला बोगदा. पन्नास वर्षांनी डोंगराची साल सोलून काढणारी यंत्रे आली तेव्हा तोच कागद पुढे करण्यात आला. १९५०च्या दशकात केंटकीच्या न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. आजोबाने केलेल्या फुलीवर नातवाचे शेत आणि फळबाग बुलडोझरखाली गेली. काही ठिकाणी कबरीही सुटल्या नाहीत. १९६५ साली एका विधवा बाईने आपल्या घरामागच्या उतारावर बुलडोझरपुढे आडवे पडून काम रोखले, तर तिलाच तुरुंगात नेण्यात आले. अखेर १९८८ मध्ये केंटकीच्या मतदारांनी ८० टक्क्यांहून अधिक मतांनी राज्यघटना दुरुस्त केली. कागदात स्पष्ट लिहिले नसेल, तर खनिज मालकाला वरच्या जमीन मालकाच्या संमतीशिवाय वरून खोदता येणार नाही, असे ठरले. तोवर बहुतेक नुकसान होऊन गेले होते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण उर्दू शाळेत शिकलेले आणि इंग्रजी करारनाम्यावर सही करणारे आहेत. गाळ्याचा भाडेपट्टा, बँकेची हमी किंवा बिल्डरबरोबरचा पुनर्विकासाचा करार यांत ‘सोयीचे वाटेल ते’ अशा अर्थाचे एखादे वाक्य असते. ते दुसऱ्या कोणाकडून आपल्या भाषेत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. केंटकीच्या शेतकऱ्याला भाव कमी मिळाला हे नुकसान लहान होते. मोठे नुकसान त्या एका वाक्याने केले.

कंपनीचे नाणे, कंपनीचे दुकान

खाणी उघडल्या तशी दऱ्यांतून कंपन्यांची गावे उभी राहिली. घर, शाळा, डॉक्टर आणि दुकान सगळे कंपनीचे. मजुरी कोळशाच्या टनावर मिळे, आणि पगाराच्या दिवसाआधी पैशाची गरज पडली तर कंपनी ‘स्क्रिप’ देई. स्क्रिप म्हणजे कंपनीने पाडलेले धातूचे बिल्ले किंवा कागदी कुपने. ती कंपनीच्याच दुकानात चालत. बाहेर कोणी घेतलीच तर वटाव कापून घेई. पगाराच्या दिवशी घरभाडे, डॉक्टरची वर्गणी, हत्यारांना धार लावण्याची आणि सुरुंगाच्या दारूची किंमत आणि दुकानाची उधारी वजा होऊन हातात कधी चिल्लर उरे, कधी तीही नाही.

दुकानदाराच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. दुर्गम दरीत दुसरे दुकान नव्हते, माल आणण्याचा खर्च होता आणि संप किंवा मंदीच्या काळात काही कंपन्यांनी उधारी चालूही ठेवली. पण ज्या बाजारात मजुरी देणारा, माल विकणारा आणि नाणे पाडणारा एकच असतो, तेथे भावाला लगाम राहत नाही. त्याच काळात सीरिया-लेबनॉनकडून आलेले फेरीवाले पाठीवर गठ्ठा टाकून या खाणवस्त्यांतून कापड, लेस, सुया, दोरे विकत फिरत. आपल्याकडच्या बोहाऱ्यांसारखाच त्यांचा धंदा. अनेक कंपन्यांनी त्यांना आपल्या हद्दीत मज्जाव केला होता. तरीही त्यांच्यातले कित्येक जण पुढे जवळच्या शहरांत दुकाने थाटून स्थिरावले. खाणवस्तीत मात्र स्वतंत्र व्यापारी वर्ग कधी मूळ धरू शकला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास स्क्रिपची पद्धत मावळली तेव्हा त्या गावांत स्वतःचे भांडवल असलेला माणूस शोधून सापडत नव्हता. पुढे कोळसा गेल्यावर या गावांना उभे राहणे का जमले नाही, याचे एक कारण येथे आहे.

छातीत साठलेली धूळ

खाणीतले अपघात जगाला दिसतात. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मोनोंगा येथे स्फोटात ३६२ माणसे गेली. २० नोव्हेंबर १९६८ रोजी त्याच राज्यातील फार्मिंग्टन येथे ७८ गेली. ५ एप्रिल २०१० रोजी अप्पर बिग ब्रँच खाणीत २९ गेली. पण अपघातापेक्षा जास्त माणसे धुळीने मेली, आणि ती घरी, खाटेवर, धाप लागून मेली.

कोळशाची अतिबारीक धूळ श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या शेवटच्या पुड्यांपर्यंत पोहोचते. शरीर ती बाहेर टाकू शकत नाही. तिच्याभोवती सूज येते, मग चिवट व्रण तयार होतात आणि फुफ्फुसाची लवचीक जाळी हळूहळू दगडासारखी होते. यालाच ‘ब्लॅक लंग’, काळे फुफ्फुस म्हणतात. रोग पुढच्या अवस्थेत गेला की माणूस खाण सोडून घरी बसला तरी तो वाढतच राहतो. औषधाने धाप थोडी कमी होते, रोग जात नाही. शेवटी फुफ्फुस बदलण्यावाचून उपाय नाही, आणि ते फार थोड्यांना मिळते.

ब्रिटनने हा रोग १९४३ मध्ये नुकसानभरपाईस पात्र मानला. अमेरिकेत मात्र कंपन्यांचे डॉक्टर आणखी पंचवीस वर्षे याला ‘खाणकामगाराचा दमा’ म्हणत आणि घाबरण्यासारखे काही नाही असे सांगत राहिले. फार्मिंग्टनच्या दुर्घटनेनंतर डोनाल्ड रासमुसेन यांच्यासारखे काही डॉक्टर गावोगाव सभा घेऊन लोकांना फुफ्फुसाची खरी अवस्था दाखवू लागले. फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील सुमारे ४०,००० कामगारांनी काम बंद केले, आणि राज्याला भरपाईचा कायदा करावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने कायदा करून धुळीवर मर्यादा घातली. ती पुढे हवेच्या एका घनमीटरमागे २ मिलिग्रॅम झाली आणि २०१४च्या नियमाने दीड मिलिग्रॅमवर आणली गेली.

त्यानंतर रोग खरोखर कमी झाला. १९९०च्या दशकात तो संपत आला असे डॉक्टरांना वाटत होते. पण तो परत आला. २०१८ साली अमेरिकी सरकारच्या व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सांगितले की, मध्य अपलाचियामध्ये २५ वर्षे किंवा अधिक काम केलेल्या दर पाच खाणकामगारांपैकी एकाला ब्लॅक लंग आहे. व्हर्जिनियाच्या नैऋत्य भागातील केवळ तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात रोगाच्या सर्वांत गंभीर प्रकाराचे ४१६ रुग्ण सापडले. त्यांत चाळिशीच्या आतलेही होते.

याचे कारण व्यापाऱ्याला लगेच उमजेल असे आहे. जाड थर पूर्वीच विकून झाले. उरलेला थर पातळ. तो काढायचा तर यंत्र कोळशाबरोबर वरचा आणि खालचा खडकही कापते. त्या खडकात सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश असतो, आणि सिलिकाची धूळ कोळशाच्या धुळीपेक्षा कितीतरी घातक असते. म्हणजे चांगला माल संपल्यावर हलक्या मालातून तोच नफा काढण्याची किंमत कामगाराच्या छातीने दिली. सिलिकाची मर्यादा घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम करणारा नियम २०२४ मध्ये झाला, पण २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकण्यात आली.

भरपाई मिळवणे हा दुसरा आजार. दावा दाखल केला की कंपनी आपल्या डॉक्टरांचे अहवाल पुढे करते आणि खटला वर्षानुवर्षे चालतो. एका नामवंत वैद्यकीय संस्थेतील क्ष-किरण तज्ज्ञाने २००० सालानंतर निकाली निघालेल्या दीड हजारांहून अधिक प्रकरणांत एकदाही गंभीर ब्लॅक लंगचे निदान केले नाही, हे २०१३ मध्ये एका वृत्तशोधातून उघड झाले. त्यानंतर संस्थेने तो विभागच थांबवला. दिवाळखोर कंपन्यांच्या कामगारांसाठी सरकारने १९७८ मध्ये टनामागे कर लावून निधी उभारला आहे. तो जमा रकमेपेक्षा अधिक देत आला आणि त्याच्यावर ४ अब्ज डॉलरहून अधिक कर्ज चढले. कोळशाच्या बिलात न धरलेला खर्च येथे आकड्यात दिसतो.

वाकून, गुडघ्यांवर बसून काम केल्याने पाठ आणि सांधे जातात. त्यावर वेदनाशामक गोळ्या आल्या आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचे व्यसन पसरले. कर्मिट या सुमारे चारशे वस्तीच्या गावातील एकाच औषध दुकानाला दोन वर्षांत जवळपास ९० लाख गोळ्या पुरवल्या गेल्या. हिशेबाची वही उघडी असताना पुरवठादारांपैकी कोणालाही एवढा खप कसा, असा प्रश्न पडला नाही.

डोंगर कापले, ओढे बुजले

१९७०च्या दशकापासून, आणि १९९०नंतर अधिक वेगाने, डोंगराचा माथाच उडवण्याची पद्धत आली. आधी जंगल साफ करायचे, मग सुरुंग लावून शेकडो फूट उंचीचा माथा फोडायचा, प्रचंड यंत्राने दगडमाती उचलून शेजारच्या दरीत लोटायची आणि उघडा पडलेला थर काढायचा. बोगद्याच्या खाणीपेक्षा यात माणसे फार थोडी लागतात. १९८५ ते २००१ या काळात अशा भरावाखाली ७२४ मैल लांबीचे ओढे गाडले गेले, असे सरकारी पाहणीत नोंदले आहे. भरावातून झिरपणारे पाणी क्षार आणि सेलेनियम घेऊन खाली येते. मासे आणि पाण्यातले किडे मरतात. सुरुंगांमुळे विहिरी आटतात किंवा गढूळ होतात. उतारावर झाडे न राहिल्याने पावसाचे पाणी एकदम खाली येते.

कोळसा धुतल्यावर उरणारा काळा गाळ दरीच्या तोंडाशी बांध घालून साठवतात. २६ फेब्रुवारी १९७२च्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक दरीत असा बांध फुटला. चारच दिवस आधी सरकारी निरीक्षकाने तो समाधानकारक ठरवला होता. सुमारे ५० कोटी लिटर काळे पाणी खालच्या वस्त्यांवरून गेले. १२५ माणसे मेली. दरीतल्या ५,००० लोकांपैकी ४,००० बेघर झाले. पिट्सटन कंपनीने ही ईश्वरी करणी असल्याचे सांगितले. निकृष्ट बांधकामाचा दोष देवावर ढकलणे त्या दरीतल्या धार्मिक लोकांना सर्वांत जास्त लागले. ते म्हणत, देवाला बांधावर डंपर चालवताना आम्ही पाहिले नाही. राज्य सरकारने १० कोटी डॉलरचा दावा लावला आणि १९७७ मध्ये मावळत्या गव्हर्नरने तो १० लाखांवर मिटवला.

११ ऑक्टोबर २००० रोजी केंटकीतील मार्टिन काउंटीत गाळाच्या तळ्याचा तळ खालच्या जुन्या खाणीत फुटला आणि सुमारे ११५ कोटी लिटर गाळ ओढ्यांत उतरला. माणूस दगावला नाही, पण हजारो लोकांचे पिण्याचे पाणी नासले. याच काउंटीत एप्रिल १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी एका झोपडीच्या ओसरीवर बसून गरिबीविरुद्धच्या लढ्याचा प्रचार केला होता. २०१८च्या सुमारास तेथील नळयोजनेचे अर्ध्याहून अधिक पाणी वाटेतच गळत होते.

९ जानेवारी २०१४ रोजी कोळसा धुण्याचे एक रसायन टाकीतून गळून एल्क नदीत मिसळले. वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी चार्ल्सटन आणि आसपासच्या सुमारे ३ लाख लोकांच्या नळाला ज्येष्ठमधाचा वास येऊ लागला आणि पाणी वापरू नका असा हुकूम निघाला. खाणावळी, हॉटेले, केशकर्तनालये बंद पडली. पहिल्या महिन्यातले धंद्याचे नुकसान स्थानिक विद्यापीठाने ६ कोटी १० लाख डॉलर काढले. टाकीच्या मालक कंपनीने आठव्या दिवशी दिवाळखोरी जाहीर केली. कोळशाशी काही देणेघेणे नसलेल्या दुकानदाराने अशा रीतीने कोळशाचे बिल भरले.

आकडे काय सांगतात

मायकेल हेंड्रिक्स आणि मेलिसा अहर्न या संशोधकांनी १९७९ ते २००५ पर्यंतच्या मृत्यूंची आकडेवारी तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडला. कोळशाने अपलाचियन प्रदेशाला वर्षाला ८ अब्ज डॉलरच्या आसपास आर्थिक लाभ होतो, तर त्या भागातील अकाली मृत्यूंची किंमत सुमारे ४२ अब्ज डॉलर होते. २०११ मध्ये हार्वर्डच्या पॉल एपस्टाइन यांच्या गटाने कोळशाचा खाणीपासून राखेपर्यंतचा पूर्ण खर्च मांडला. तो साऱ्या अमेरिकेसाठी वर्षाला सुमारे ३४५ अब्ज डॉलर आला, आणि त्यातला सुमारे ७५ अब्जांचा बोजा अपलाचियन लोकांच्या आरोग्यावर होता.

कंपन्यांचा आक्षेप असा की, त्या भागात तंबाखू, लठ्ठपणा आणि गरिबीही जास्त आहे, सगळा दोष कोळशाचा नाही. आक्षेप वाजवी आहे, आणि संशोधकांनी या गोष्टी वजा करूनच हिशेब केल्याचे सांगितले आहे. वाद मिटवण्यासाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय विज्ञान अकादमीला स्वतंत्र अभ्यास सोपवला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनेच तो मध्येच थांबवला. ज्याला आपला हिशेब बरोबर असल्याची खात्री असते, तो तपासनिसाला दारातून परत पाठवत नाही.

एकाच मालावरचा बाजार

‘खाणीने रोजगार दिला’ हे म्हणणे खोटे नाही. एके काळी खाणकामगाराचा पगार त्या भागात सर्वांत चांगला होता. संघटनेच्या जोरावर त्याला निवृत्तिवेतन आणि दवाखानाही मिळाला. पण रोजगार टनाला बांधलेला नव्हता. १९५० मध्ये कामगारनेते जॉन लुईस यांनी आरोग्यनिधीच्या बदल्यात यंत्रांना वाट करून दिली, आणि माणसे कमी होऊ लागली. १९४७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने जेवढा कोळसा काढला, त्याहून थोडा अधिकच १९९७ मध्ये काढला. मात्र पहिल्या वेळी एक लाखाहून अधिक माणसे लागली होती, दुसऱ्या वेळी वीस हजारही लागली नाहीत. पुढे नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि मालाचा उठावही घटला.

मॅकडॉवेल काउंटीची गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष वाचावी. १९५० मध्ये तिची लोकसंख्या ९८,८८७ होती. तिच्या वेल्च या शहरात गर्दी इतकी की १९४१ मध्येच नगरपालिकेने मोटारी उभ्या करण्यासाठी मजली इमारत बांधली. २०२० मध्ये लोकसंख्या १९,१११ उरली. १९६१ मध्ये सरकारी अन्नकुपने देण्याची योजना देशात प्रथम सुरू झाली ती याच काउंटीत. एका पाहणीनुसार २०१० साली येथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षे होते. काही तासांच्या मोटारप्रवासावर असलेल्या व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत ते ८२ होते. कोळसा कमी झाला तशी कापडाची, फर्निचरची, सोन्याची दुकाने बंद होत गेली. मग वॉलमार्टचे मोठे दुकान आले, आणि उरलेली गिऱ्हाइके त्याच्याकडे गेली. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने तेही बंद केले. भाजी घ्यायला आणि नोकरी शोधायला लोकांना डोंगर ओलांडून जावे लागू लागले.

दुसरा प्रसंग जुलै २०१९चा. ब्लॅकज्वेल ही खाणकंपनी एका दिवसात दिवाळखोरीत गेली. कामगारांच्या खात्यात जमा झालेले पगाराचे चेक परत फिरले. घराचे हप्ते आणि मुलांच्या दुधाचे पैसे त्याच रकमेतून गेले होते. नव्या खाणकंपनीने पगारापोटी हमी रक्कम ठेवावी असा केंटकीचा कायदा होता, पण ती ठेवलेलीच नव्हती आणि कोणी विचारलेही नव्हते. हार्लन काउंटीतील कामगारांनी रेल्वेरुळांवर ठाण मांडून कोळशाने भरलेली गाडी अडवली. आमच्या घामाचा माल पगार दिल्याशिवाय जाणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जवळपास दोन महिने ते बसले, आणि पुढे न्यायालयातील तडजोडीत थकबाकीचा मोठा भाग मिळाला. कायदा पुस्तकात होता. पैसे मात्र रुळावर बसल्यावर आले.

आपल्या डोंगरांचे काय?

हे फक्त अमेरिकेत घडते असे नाही. मेघालयातील जैंतिया डोंगरांत जमीन कंपनीची नाही, स्थानिक कुळांची आणि व्यक्तींची आहे. तरी तेथेही अरुंद बिळांतून कोळसा काढून ओढे आम्लाने नासले. लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये अशा खाणींवर बंदी घातली. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथे बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ मजूर अडकले आणि जिवंत परतले नाहीत. ते पोटासाठी लांबून आलेले गरीब मजूर होते. मालकी स्थानिक असली तरी राहिलेला खर्च सर्वांत दुबळ्याकडेच सरकतो, हे त्यावरून दिसते.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी यातून चार गोष्टी घ्याव्यात असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट धुळीची. खंभातचे अकीक घासणारे कारागीर सिलिकाच्याच धुळीने तरुण वयात गेले आहेत. आपण बोटात घालतो त्या अंगठीच्या खड्याची ती किंमत आहे. कापसाच्या धुळीनेही रोग होतो. पिंजणी आणि कताईच्या खात्यांत जास्त, विणकामात कमी. त्याची खूण अशी की, सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. मालेगावसारख्या गावात माग शुक्रवारी बंद असतात, तेथे ही तक्रार शनिवारी दिसेल. असा कामगार असेल तर त्याला ‘विडी कमी कर’ एवढेच सांगून सोडू नका. छातीची तपासणी करून घ्या. हा रोग कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. धूळ ओढून घेणारा पंखा, ओले करून झाडणे आणि चांगला मुखपट्टा यांचा खर्च मालाच्या किमतीत धरा.

दुसरी गोष्ट कागदाची. ती वर सांगितलीच आहे.

तिसरी गोष्ट एका गिऱ्हाइकाची. सगळा माल एकाच पेढीला देणारा, तिच्याकडूनच सूत उधार घेणारा आणि तिच्याच गाळ्यात बसणारा कारागीर स्क्रिपवर जगणाऱ्या खाणकामगारापेक्षा वेगळा नाही. निदान एक दुसरा खरेदीदार आणि दुसरे कौशल्य घरात असू द्या.

चौथी गोष्ट चांगल्या दिवसांची. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाने कोळशावर कर घेतला, पण तो येईल तसा खर्च झाला. शाळा, नळ आणि दुसरे उद्योग यांसाठी वेळीच साठवला गेला नाही. ज्या गावाचा सगळा बाजार एकाच उद्योगावर उभा आहे, भिवंडी-इचलकरंजी-मालेगावसारखी आपली गावे त्यांतलीच, त्या गावाच्या व्यापारी संघटनांनी तेजीच्या वर्षात दवाखाना, तंत्रशाळा आणि मुलांच्या शिष्यवृत्तीची तरतूद करून ठेवली पाहिजे. मंदी आल्यावर वर्गणी जमत नाही, हा प्रत्येक बाजाराचा अनुभव आहे.

अपलाचियन डोंगरातले लोक आळशी नव्हते. त्यांनी दीडशे वर्षे राबून देश उजळला. त्यांच्या मालाचा हिशेब दुसऱ्यांनी केला आणि त्यात त्यांची छाती, त्यांचे पाणी व त्यांची गावे कोणी धरलीच नाहीत. आपल्या मागावर किंवा आपल्या दुकानात राबणाऱ्या माणसाची छाती आपल्या हिशेबात आहे की नाही, हे प्रत्येक मालकाने या महिन्याची वही बंद करण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.